कन्नीसाठी मांडलेले पॅड

तंजावूर
९ जानेवारी २०२५

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, आणि तुझ्या लाल पेनावरही. मागच्या पत्रातल्या माझ्या चुकांवर खुणा करून ते परत पाठवलंस, मिळालं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो, कॉलेजात मुलींना हॉकी शिकवतो, तरी तुझ्यापुढे पाटीच धरायची. तुझ्या कानांना फोन झेपत नाही, हे माझ्या मराठीच्या पथ्यावर पडलं असं तू म्हणतेस. पडलं असेल. इथे मराठी बोलायला चार घरं आहेत, लिहायला मात्र तूच.

आता रडगाणं. लीगचे तीन सामने झाले आणि माझ्या टीमला गोलकीपर नाही. म्हणजे दोन आहेत. जननीच्या गळ्याच्या हाडावर नोव्हेंबरात चेंडू बसला, तेव्हापासून समोरून फटका आला की ती डोळे मिटते. विनुता डोळे मिटत नाही, पण पायाने अडवलेला चेंडू नेमका समोरच्या टीमच्या स्टिकवर नेऊन देते. पहिल्या सामन्यात जननी उभी होती, चार गोल झाले. दुसऱ्यात विनुता, तीन झाले. तिसऱ्यात मी शहाणपणा करून दोघींना पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीने उभं केलं, तर सहा.

भुवनासारखी एक तयार कर, असं तू म्हणशील. येत्या महिन्यात तिला जाऊन दोन वर्षं होतील. तुला तेव्हा लिहिलंच होतं, डेंगीचा ताप अंगात घेऊन सेमीफायनल खेळली. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही, आणि पाचव्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची पोर. तिची धाकटी बहीण कीर्तना यंदा आमच्याकडे आली आहे, पण ती पुढे खेळणारी. आमच्या टीमने केलेले पाचही गोल तिचेच आहेत.

तू तुझ्या काळात राज्याच्या टीमचा गोल राखलास. सांग, दोघींतली कोणती ठेवू?

तुझा,
मुरली

*

सोलापूर
१६ जानेवारी २०२५

चिरंजीव मुरलीस,

थोडी अक्कल येवो, हा आशीर्वाद.

गोलकीपर म्हणजे बसमधली खिडकीची जागा आहे का, की पंधरा मिनिटं तू बस, मग मी बसते? एकीला उभी कर आणि सोळा गोल झाले तरी हलवू नकोस. माझं मत जननीला. टेनिसच्या चेंडूंपासून सुरुवात कर. प्रत्येक चेंडूवर खडूने आकडा लिही आणि तो तिने ओरडून सांगायचा. आकडा वाचायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. मला असंच शिकवलं होतं.

भुवनाचं वाचून पुन्हा जीव हळहळला. तू तिला इथे घेऊन आला होतास, आठवतं का? माझी वाकडी बोटं हातात घेऊन आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "आज्जी, हीं अस्कीं बोटं गोलांतच मोडलीं का?" अस्कीं, म्हणजे सगळी, हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! आणि मग जेवेपर्यंत तोंड बंद नाही. चप्पल चावली तरी दहा जणांना सांगणारी मुलगी. एवढा ताप तिने कसा लपवला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. असो.

जननीला माझ्याकडून सांग, भीती सगळ्यांना वाटते.

कमलाक्षी आत्या

*

तंजावूर
२७ जानेवारी २०२५

आत्या,

तुझे खडूचे आकडे सुरू केले आहेत. जननी कालपर्यंत दहातले चार बरोबर सांगत होती. पण मध्येच भलतंच घडलं, ते आधी लिहितो.

पोंगलनंतरच्या पहिल्या शुक्रवारी भुवनाच्या आईने, राजमअक्काने, मला घरी बोलावलं. कन्नीची पूजा होती. ही पद्धत तुला माहीत आहे. इथल्या लोकांची, आपल्या घरांनीही कधीची उचललेली. लग्नाआधी मुलगी गेली की ती त्या घरची कन्नी होते. वर्षातून एकदा ताडपानांच्या पेटीवर तिच्यासाठी नवे कपडे मांडायचे, तिच्या आवडीचं करून वाढायचं, आणि मग घरातल्याच एखाद्या कुमारिकेने ते कपडे दिवसभर अंगावर ठेवायचे, म्हणजे कन्नीला पोचतात. सगळे रेशमी परकर-पोलकं, म्हणजे इथली पट्टुपावाडै, मांडतात. राजमअक्काने गोलकीपरचा आख्खा संच मांडला होता. पायांचे पॅड, बुटांवर चढवायचे किकर, छातीचं चिलखत, हातमोजे, जाळीचं हेल्मेट. भुवनाने हट्टाने मागवलेला. ती गेल्यानंतर सहाव्या दिवशी पार्सल दारात आलं आणि दोन वर्षं तसंच पडून होतं.

"हिला पट्टुपावाडै कधीं आवडलीच नाहीं, मुरली अण्णा," राजमअक्का म्हणाली. "हेंच मागत होती. मग हेंच देऊं की."

कीर्तना तो संच घालून पानावर बसली. मांडी घालता येईना, पॅड पुढे ताठ पसरलेले, हेल्मेट शेजारी पाटावर. मला हसू येत होतं, पण राजमअक्काचा चेहरा पाहून गिळलं.

दुसऱ्या दिवशी सामना. विनुताला कांजिण्या झालेल्या. जननी कपडे बदलायच्या खोलीत रडत बसली, उठेचना. कीर्तना बाहेर गेली आणि तोच संच चढवून आली. मैदानावर कसा आणलास, म्हणून मी विचारलं नाही. मला गोलात कुणीतरी हवं होतं.

आत्या, एक-शून्यने जिंकलो, आमच्यावर एकही गोल झाला नाही. सात पेनल्टी कॉर्नर पडले आणि एकही आत गेला नाही. ही मुलगी जन्मात गोलात उभी राहिलेली नाही! सामना संपल्यावर हेल्मेट काढून तिने मला तमिळमध्ये विचारलं, "सर, किती झाले?" मला वाटलं, थट्टा करते आहे.

आता तुझा सल्ला मोडावा लागेल असं दिसतं. जननीला पुन्हा कधीतरी बघू.

मुरली

*

सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

मुरली,

जिंकलात, बरं वाटलं. पण हुरळून जाऊ नकोस. बहिणीला तीन-चार वर्षं गोलामागे उभं राहून पाहिलं असेल, तेच अंगात मुरलं असेल. अशी नक्कल एक सामना चालते. तिला तिच्या जागी पुढे पाठव आणि जननीला उभी कर.

दुसरं. तो संच पेटीत परत गेला का? एक दिवस म्हणजे एक दिवस. दिवे लागायच्या आत उतरवायचा, पाण्यातून काढायचा, घडी करून ठेवायचा. तू शनिवारी खेळवलास म्हणजे एक दिवस वर झालाच. यापुढे नाही.

तुला कधी सांगितलं नव्हतं. आपल्या घरातही कन्नी होती, माझी आत्या, अकराव्या वर्षी विहिरीत पडून गेलेली. मी नऊ वर्षांची असताना माझ्या चुलतबहिणीने तिचा परकर हट्टाने अंगावरच ठेवला, उतरवू देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ताक घुसळणाऱ्या आपल्या आईला म्हणाली, "वहिनी, मला लोणी दे." अशी तीन दिवस वहिनी, वहिनी. आजीने परकर ओढून काढला तेव्हा थांबलं.

मी शिकलेली बाई आहे. ह्यावर विश्वास आहे, असं मी लिहिणार नाही. पण ते मी ह्याच कानांनी ऐकलं, आणि तेव्हा ते धड होते.

कमलाक्षी आत्या

*

तंजावूर
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मिळालं तेव्हा आणखी दोन सामने होऊन गेले होते. काल तिसरा झाला. चारही सामन्यांत आमच्या गोलात एकदाही चेंडू गेलेला नाही. आम्ही फायनलला पोचलो आहोत, तेवीस तारखेला, रविवारी, आमच्याच मैदानावर. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. प्रिन्सिपॉलबाईंनी मला खुर्ची देऊन कॉफी पाजली.

संच पेटीत गेलेला नाही. रागावशील म्हणून आधीच लिहून टाकतो.

आणखी काही गोष्टी लिहितो, तू गोलकीपर होतीस म्हणून. कीर्तना उजव्या पायाची, पण डावा किकर झिजला आहे, उजवा कोराच्या कोरा. भुवना डाव्या पायाची होती. पेनल्टी कॉर्नरच्या आधी भुवना बचावातल्या मुलींना मराठीत आकडे मोजून द्यायची, "एक, दोन, तीन, जा." पोरींना मराठी येत नाही, पण तेवढं पाठ झालं होतं. कीर्तना कधी मराठी बोलत नाही, घरी आई मराठीत बोलते आणि ही तमिळमध्ये उत्तर देते. हेल्मेट चढलं की आता तिच्या जाळीतून तेच आकडे येतात. जुन्या मुली ते ऐकून न सांगता आपापल्या जागेवर धावतात. एक तर धावता धावता रडत होती.

तिच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, हजेरीला कीर्तनाचं नाव घेतलं की दुसऱ्या हाकेला "हजर" येतं. या आठवड्यापासून तिसऱ्या हाकेला.

आणि अंग. परवा चिलखताचे पट्टे सोडवताना माझा हात तिच्या मानेला लागला, तर चटका बसला. नर्सने ताप पाहिला, एकशे तीन. संच उतरवून सावलीत बसवलं. अर्ध्या तासात अठ्ठ्याण्णव. नर्स म्हणाली, थर्मामीटर बिघडला असेल.

मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी येते, उजवा हातमोजा काढते आणि तळहात पुढे करून उभी राहते. पाणी दिलं तर घेत नाही. लिंबाची फोड दिली, ती खाली टाकली. शिट्टी वाजेपर्यंत तळहात तसाच. काय हवं असतं, कोण जाणे.

मी राजमअक्काकडे जाऊन म्हटलं, थांबवू या का? ती दर सामन्याला गोलाच्या जाळीमागे येऊन उभी राहते, दुसरीकडे कुठे नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तासभर तरी ती दिसते मला, अण्णा. तुम्हीच बंद करूं नोका." आता तूच सांग, मी काय करायचं? आईच म्हणते आहे.

मुरली

*

सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२५
स्पीड पोस्टाने

मुरली,

त्या बाईचं मी समजू शकते. तिची एक गेली आहे. पण दुसरी तिच्या डोळ्यांदेखत चालली आहे, आणि हे तिला दिसत नसेल तर तुला दिसायला हवं. आधी दुसरी हाक, मग तिसरी. पुढे काय, हे मी लिहायला हवं का?

कन्नी सामने जिंकून द्यायला येत नाही. माझी आजी म्हणायची, तिच्या नावावर काही खोटं राहिलं असेल तर ती कपडे सोडत नाही. माझी आत्या विहिरीत पडली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

चार पानं लिहिलीस आणि तळहाताच्या गोष्टीवर "कोण जाणे" म्हणून पुढे गेलास. मी तुझं अक्षर चाळीस वर्षं वाचते आहे. त्या ओळीत पेन दोनदा थांबलं आहे, शाई फुटली आहे.

तिला काय हवं असतं, ते तुला माहीत आहे. भुवनाबद्दल तू मला खरं लिहिलं होतंस का?

फायनलला कीर्तनाला उभी करू नकोस. हरा. हरल्याने कुणी मरत नाही.

आत्या

*

तंजावूर
२६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि रविवारी कीर्तनालाच उभी केली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना मी चांगला माणूस आहे असं तुला वाटायला नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, खरं लिहिलं नव्हतं. भुवनाने ताप लपवला नव्हता. सेमीफायनलच्या सकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, अंग भाजूनु निघतंय, आज मी नोको." दुसरी गोलकीपर नव्हती. मी तिच्या तळहातावर तापाची गोळी ठेवली आणि म्हटलं, एक तास काढ. मधल्या सुट्टीत पुन्हा आली, हात पुढे केला, मी आणखी एक ठेवली. ती गेली त्या दिवशी दवाखान्यात राजमअक्काने मला विचारलं, "तुम्हाला तरी कांही बोलली होती का?" मी म्हटलं, नाही, कुणालाच सांगितलं नाही तिने. घाईने तोंडातून निघालं, आत्या. मग सगळ्यांनी तेच धरलं आणि मला परत घेता आलं नाही. खरं म्हणजे मी घेतलं नाही.

रविवारी तीन क्वार्टर झाले, गोल कुणाचाच नाही. कडक ऊन. शेवटच्या सुट्टीत ती आली. तळहात पुढे. मी दुसरीकडे पाहिलं. शिट्टी झाली, ती परत गेली. गोलात जागच्या जागी डुलल्यासारखी उभी राहिली. भुवना शेवटच्या दहा मिनिटांत अगदी अशीच उभी होती. तेव्हा मी घड्याळाकडे पाहत होतो.

सहा मिनिटं उरली असताना मी अंपायरला हात केला, गोलकीपर आजारी आहे म्हणून. त्याने घड्याळ थांबवलं. जननीला तयार व्हायला सांगून मी गोलाकडे गेलो. हाक मारली, कीर्तना. तिने मान हलवली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली, मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. ती समोर पाहत उभी.

मग मी म्हटलं, "भुवना."

हेल्मेट माझ्याकडे वळलं. जाळीआडून डोळे दिसत नव्हते. तिने उजवा हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला. मला पळून जायचं होतं, हे तुला खरं सांगतो.

मी तो हात धरला. तव्यावर हात ठेवावा तसा भाजत होता. मी म्हटलं, "तू मला सांगितलं होतंस. सकाळीच सांगितलंस. तू काही लपवलं नाहीस. गोळ्या मी दिल्या. खेळ म्हणून मी म्हटलं. तू लपवलंस असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे." मराठीत बोललो. तिच्याशी नेहमी मराठीतच बोलत असे.

माझ्या हातातला तो हात निवत गेला. हळूहळू, बोटांपासून. मग साधा, घामेजलेला, एका मुलीचा हात उरला. तिने दुसऱ्या हाताने हेल्मेट वर केलं. कीर्तना होती. ओठ सुकलेले. तमिळमध्ये म्हणाली, "सर, पाय फार दुखतात. मी गोलात काय करते आहे?"

मी तिला धरून वळवलं आणि समोर जाळीमागे राजमअक्का. सहा हातांवर. त्या गर्दीत मराठी कळणारी माणसं आम्ही तीनच होतो.

जननीने डोळे उघडे ठेवले, हे तुला सांगायला हवं. तरी एक गोल झाला, आणि आम्ही हरलो. राजमअक्का तोपर्यंत कीर्तनाला घेऊन निघून गेली होती.

काल मी तिच्या घरी गेलो. शिव्या, पोलीस, कॉलेजात तक्रार, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. नोकरीचा राजीनामा लिहून खिशात होता. कीर्तना अंगणात होती, आईने एक हाक मारली आणि ती "आले" म्हणून उठली. चक्क मराठीत म्हणाली, पण आवाज तिचा होता. संच धुऊन पेटीपाशी ठेवलेला. राजमअक्काने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

मग म्हणाली, "दोन वर्षं झालीं, मुरली अण्णा. दर शुक्रवारी दिवा लावूनु मी तिला एकच विचारत होतें, कां ग मजपासून लपविलीस? आईपेक्षां खेळ मोठा झाला का तुला? वाईट वाईट बोललें मी. मेली ती मेली, वर माझी बोलणीं ऐकत राहिली."

मी म्हटलं, "अक्का, चूक माझी आहे."

"तुमची तुम्ही तिच्यापुढे सांगूनु मोकळे झालांत," ती म्हणाली. "ती ऐकूनु गेलीही. आतां परत येणार नोहे, मला कळतंय, घर रिकामं झालंय. मग माझी क्षमा मी आतां कुणापुढे मागूं, तें सांगा."

मी तिच्यापुढे बसून होतो, आत्या. दिवे लागले तरी तिथेच होतो.

मुरली